जुना पार्ट गिऱ्हाइकाला परत

दार लोटून घ्या आणि ते मोबाईल उपडे ठेवा, उजेड माझ्या डोळ्यांत येतो. भुताची गोष्ट हवी ना तुम्हाला? मग आधीच सांगून ठेवतो, भूत मी पाहिलेलं नाही. उलट्या पायांची बाई, पांढरा कुत्रा, तसला माल माझ्याकडे नाही. माझ्याकडे एक मोटारसायकल आहे आणि तिच्या चेनचं नखाएवढं लॉक आहे, बस. झालं ते माझ्या शेजारच्या मिस्त्रीच्या बाबतीत. माझं रेडिएटरला डाख द्यायचं दुकान आणि त्याचं गॅरेज, मध्ये एका विटेची भिंत. तो तिकडे शिंकला की मी इकडे दचकायचो. थोडं त्याने सांगितलं, थोडं भिंतीतून ऐकू आलं, आणि शेवटचं मी स्वतः उभं राहून पाहिलं.

त्याला सगळे बारक्या म्हणायचे. वय बेचाळीस, डोक्यावर केस मोजून सांगता येतील एवढे, तरी बारक्याच. कारण त्याच्या वर दादा होता. गॅरेज दादाने काढलेलं, गिऱ्हाईक दादाने जोडलेलं, बारक्याच्या हातात पहिला पाना दिला तोही दादाने. दादा डावखुरा. फटकळ नव्हता, पण काम चुकलं की ओरडायच्या ऐवजी जिभेने एकदाच "च्" करायचा. एवढंसं. पाल चुकचुकते ना, तेवढंच. बारक्या म्हणायचा की त्यापेक्षा दोन थोबाडीत दिलेल्या परवडल्या.

दादाचे नियम दोन. पहिला असा की जुना पार्ट काढला की तो गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायचा. घासलेलं ब्रेक-लायनर असो की जळका प्लग, वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधायची, वरून क्लच-वायरीची एक तार गुंडाळायची, टोकाला पीळ द्यायचा आणि म्हणायचं, "हे तुमचं. काय झिजलं होतं ते गाडीवाल्याला माहीत असावं." निम्मी माणसं कोपऱ्यावर जाऊन पुडी फेकून द्यायची. दादाला त्याचं काही नाही. पीळ मात्र तो डाव्या हाताने द्यायचा, त्यामुळे तो जगाच्या उलटा जायचा. तुम्हीआम्ही सोडायला गेलो की पुडी आणखी घट्ट व्हायची. मी स्वतः दोनदा फसलोय.

दुसरा नियम चेनचा. हा नीट ऐका, पुढे लागणार आहे. चेनची दोन टोकं जोडतात ती लॉकने. त्या लॉकवर एक पत्ती बसते, माशासारखी. एका बाजूला तोंड बंद, दुसऱ्या बाजूला शेपटी फाटलेली. चेन जिकडे पळते तिकडे बंद तोंड हवं. उलटं बसलं तर शेपटी कुठेतरी घासते, अडकते, आणि पत्ती उडून जाते. आता चेनचा वरचा पदर पुढे जातो आणि खालचा मागे येतो. म्हणजे वरच्या पदराला बसवताना बंद तोंड पुढच्या चाकाकडे ठेवायचं आणि खालच्या पदराला बसवताना मागच्या. हा घोळच नको म्हणून दादा म्हणायचा, चेन नेहमी मागच्या दातेरी चक्रीवर, वरच्या बाजूला जोडायची, आणि चावी द्यायच्या आधी चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघायचं.

बारक्याने वीस वर्षं हे केलं. एकदा केलं नाही.

डिसेंबरातला शुक्रवार होता. दादाची स्वतःची गाडी, जुनी टू-स्ट्रोक, जिची कंपनीच बंद होऊन पंचवीस वर्षं झाली, ती साफ करायला काढली होती. दादाचे हात दुसऱ्या इंजिनात अडकलेले. तो तिकडूनच म्हणाला, चेन चढव रे तेवढी. बारक्या खाली आडवा पडून गिअरबॉक्सचा तळ पुसत होता. चेनची टोकं तिथेच लोंबत होती. उठायचा कंटाळा, म्हणून खालच्या पदरालाच लॉक लावलं आणि हाताच्या सवयीने बंद तोंड पुढच्या चाकाकडे केलं. तेवढ्यात बाहेरून कोणीतरी हाक मारली, तो उठून गेला. चाक फिरवायचं राहिलं.

रात्री दादा ती गाडी घेऊन गेला. गावाबाहेर कालव्याचं वळण आहे, तिथे चेन निसटली, पुढच्या चक्रीवर गोळा झाली, मागचं चाक जाम झालं. दादा जागेवरच गेला.

पंचनाम्यात आलं, गाडी जुनी होती, चेन तुटली. सगळ्यांनी मान डोलावली, मीसुद्धा. लॉक काही सापडलं नाही, आणि सापडावं असं कोणाच्या मनातही नव्हतं. फक्त बारक्याला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी कोणाची तरी चेन जोडताना त्याचा हात मध्येच थांबला आणि त्याला सगळं आठवलं. तो कोणाला बोलला नाही.

तेव्हापासून तो बधिर झाला. रडला नाही, प्यायला लागला नाही, कामाला खाडा केला नाही. चहा उकळता असला तरी घोटाघोटाने पिऊन टाकायचा, जीभ भाजायची नाही. मी एखादा विनोद केला तर वेळेवर हसायचा, पण ते हसू उसनं आणल्यासारखं. मला वाटायचं, भावाचं दुःख आहे, ओसरेल. आता कळतं की दुःख व्हायलासुद्धा आत काही जागं असावं लागतं.

तेरा महिने गेले. दादाची मुलगी, जिला घरात ठकी म्हणतात, तिला रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. चौदा किलोमीटर लांब, सकाळी साडेसातची वेळ, त्या वेळेला बस नाही. ठकी म्हणाली, मला बाबांची गाडी हवी. नवीन घेऊ म्हटलं तर ऐकेना. शेवटी वहिनी गॅरेजमध्ये आल्या. ताडपत्रीखाली ती गाडी उभी होती, तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"भावजी, करून द्या तिला ती गाडी. मला ती बघवत नाही आणि विकवतही नाही. तुम्ही हात लावला असेल तर मला काळजी नाही."

बारक्या हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

मग सुरू झाली पार्ट शोधायची पायपीट. पहिला दुकानदार म्हणाला, ही गाडी अजून शिल्लक आहे? दुसऱ्याने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं की असा पार्ट-नंबरच अस्तित्वात नाही. तिसरा त्याला नवी गाडी हप्त्यावर गळ्यात मारायला निघाला. भंगारात एक टाकी दिसली, ती भंगारवाल्याने मधोमध कापून कोंबड्यांना पाणी ठेवायला घेतली होती. चेन गोळा झाली तेव्हा इंजिनाच्या केसिंगचा कान तुटला होता. तसलं केसिंग अख्खं मिळालं ते एका गिरणीवाल्याकडे, त्याने त्या इंजिनावर पाण्याचा पंप चालवला होता. पुढची चक्री लेथवाल्याने तीनदा नाक मुरडून चौथ्यांदा बनवून दिली. आणि चेन कुठे मिळाली असेल? एका बंद कारखान्याच्या फाटकाला. राखणदाराने फाटक बांधून ठेवायला गुंडाळली होती ती. बारक्याने त्याला चांगला लोखंडी साखळदंड नेऊन दिला आणि ती सोडवून आणली. राखणदार खूश, त्याला वाटलं समोरचा वेडा आहे.

पण चेनला लॉक नव्हतं. त्या गाडीची चेन रुंदीला वेगळीच, आजचं कुठलंही लॉक लावलं की पिना तोकड्या पडायच्या. म्हणजे केसिंग मिळालं, चक्री झाली, चेन आली, आणि सगळं अडलं ते नखाएवढ्या तुकड्यावर. बारक्याने सोळा दुकानं पालथी घातली. ठकीची नोकरी सोमवारपासून. गुरुवारी कोणीतरी सांगितलं की शेजारच्या गावात एक म्हातारा आहे, पूर्वी त्याचं स्पेअर पार्टचं दुकान होतं, आता माल घरात ठेवलाय. फोन लावला. म्हातारा कुजबुजत बोलत होता. म्हणाला, शनिवारी रात्री साडेनऊनंतर ये, मुलगा रात्रपाळीला गेला की. तो सगळं भंगारात घालायला टपलाय.

तर तो शनिवार. जानेवारीतला तिसरा. अमावस्या होती का म्हणून विचारू नका, चांगलं अर्धं चांदणं होतं.

बारक्या स्वतःच्या मोटारसायकलवर गेला. म्हाताऱ्याची खोली म्हणजे बिस्किटांचे पत्र्याचे डबे, जमिनीपासून छतापर्यंत. प्रत्येक डब्याला बाहेरून आतला एकेक पार्ट तारेने टांगलेला, म्हणजे उघडून बघायला नको. पलंगावर झोपायला जागा एका माणसाची, तिथेही अर्ध्यावर पिस्टन. म्हाताऱ्याने हात पुढे केला आणि नमुना मागितला. जुना पार्ट दाखवल्याशिवाय नवा काढायचा नाही, ही त्या धंद्याची जुनी रीत आहे. बारक्या म्हणाला, जुनं लॉक हरवलंय.

"हरवलंय की टाकलंस?"

"हरवलंय."

म्हातारा त्याच्याकडे बघत बसला. मग स्टुलावर चढला आणि वरच्या रांगेतला डबा न शोधता काढला. आत एकच लॉक होतं, मेणकागदात. देता देता म्हणाला की परवाच एक जण याच गाडीच्या लॉकचं विचारून गेला. घेतलं नाही त्याने. म्हणाला, माझा भाऊ येईल, त्याला द्या.

बारक्याने विचारलं, कसा होता दिसायला?

म्हाताऱ्याने आठवायचा प्रयत्न केला. "डबा त्याने डाव्या हातात धरला होता, एवढं लक्षात आहे."

आता खरं सांगायचं तर दादा पूर्वी त्या दुकानात जायचाच. आणि म्हाताऱ्याला परवा आणि पंधरा वर्षांपूर्वी यातला फरक कळत असेल याची मी खात्री देत नाही. बारक्यानेही तसंच मनाशी म्हटलं. घाबरला नाही. घाबरायलाही त्याच्यात काही शिल्लक नव्हतं.

परतताना कालव्याच्या वळणावर तो थांबला. वाजले होते पावणेअकरा. इथे काहीतरी होणार असं वाटलं ना तुम्हाला? काही झालं नाही. तेरा महिने तो जेव्हा जेव्हा त्या वळणावरून गेला तेव्हा तेव्हा थांबला होता, आणि बॅटरी लावून गवतात जुनं लॉक शोधलं होतं. त्या रात्रीही शोधलं. नेहमीसारखं मिळालं नाही. उठताना आधाराला हात टेकला तो गरम सायलेन्सरवर. कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा त्याने हात काढला. बोटावर हा एवढा फोड. दुखलं काहीच नाही. त्याने बोट पँटला पुसलं आणि गाडीला किक मारली.

गॅरेजवर पोचला तेव्हा सव्वाअकरा. घर दोन गल्ल्या पुढे, पण झोप येणार नव्हती. त्याने शटर उचललं, आत जाऊन अर्धं खाली ओढलं. एकच बल्ब. ताडपत्री बाजूला केली. दादाची गाडी मधल्या स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. चेन चक्रीवरून घालून ठेवलेली, टोकं सुटी. बारक्या खाली बसला, लॉक घातलं, बाजूची पट्टी बसवली, पकडीने पत्ती सरकवली. खट् झालं. बसली. मनात ना आनंद ना काही. तो उठला आणि कोपऱ्यातल्या मोरीवर हात धुवायला गेला.

पाठ गाडीकडे. नळ बारीक सोडलेला. साबण लावला.

टिक.

त्याला वाटलं, नळाचा आवाज.

टिक… टिक…

नळ बंद केला. आवाज चालूच. चेन फिरते तेव्हा कर्र असा बारीक आवाज येतो, तो येत होता. आणि दर फेऱ्याला एकदा… टिक. पत्तीची शेपटी कुठेतरी घासते तसा. त्याला वाटलं, उठताना आपला धक्का लागला असेल, चाक फिरत राहिलं असेल. पण असं चाक दोनतीन फेऱ्यांत थांबतं. त्याने मोजले. नऊ. दहा. अकरा. वेग कमी होत नव्हता. कोणीतरी हाताने सावकाश फिरवावं, बघत बघत, तसं.

तो वळला.

चाक थांबलं.

गॅरेजमध्ये कोणी नाही. शटर अर्धं खाली, तसंच. बल्ब स्थिर. तो गाडीजवळ आला. एकेक पाऊल. लॉक मागच्या चक्रीवर येऊन थांबलं होतं. वर. बरोबर उजेडात. आणि त्याला दिसलं.

शेपटी पुढे होती.

त्याने पुन्हा खालच्या पदराला लॉक लावलं होतं. पुन्हा बंद तोंड पुढच्या चाकाकडे करून. पुन्हा चाक न फिरवता उठला होता. तीच गाडी. तेच हात. फक्त या वेळी सोमवारी सकाळी त्यावर ठकी बसणार होती.

तो तसाच उभा राहिला…

आणि मागून, डाव्या खांद्याच्या मागून, अगदी जवळून…

"च्."

त्याने मागे बघितलं नाही. मला म्हणाला, बघता आलं असतं, पण मान वळेना. किती वेळ गेला कोण जाणे. पुढे श्वास नाही, पावलं नाहीत, काही नाही. नळातून एक थेंब पडला. तेवढंच.

मग तो खाली बसला. पकड उचलली. पत्ती काढायला टोक लावलं. पत्ती ताठ होती. टोक सटकलं… आणि पत्ती उडाली. नुसती सूं करून गेली.

पडल्याचा आवाज आला नाही.

तुम्ही गॅरेजमध्ये कधी बसला नसाल. फरशी सिमेंटची, आजूबाजूला पत्र्याचे डबे, लोखंड. सुई पडली तरी ऐकू येते. ती पत्ती उडाली आणि कुठे पडलीच नाही. बारक्याने दोन तास शोधली. गुडघ्यांवर, बॅटरी घेऊन, चुंबक फिरवून. मोरीत हात घातला. डबे पालथे केले. दीड वाजला. चेनची टोकं पुन्हा सुटी लोंबत होती. जगातलं एकच लॉक आणि त्याची पत्तीच गेली.

तेव्हा तो फरशीवर मांडी घालून बसला आणि अंधाऱ्या कोपऱ्याकडे तोंड करून बोलला. तेरा महिन्यांत पहिल्यांदा.

"दादा, लॉक मी उलटं बसवलं होतं. चाक फिरवलं नव्हतं."

…

"च्" सुद्धा नाही.

त्याने शटर ओढलं, दोन्ही बाजूंना कुलूप लावलं आणि घरी गेला. चाव्यांचा जुडगा एकच, तो त्याच्या उशाखाली.

रविवारी सकाळी शटर उघडताना मी तिथेच होतो. दात घासत होतो. कुलपं जागेवर होती. बारक्या आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही, म्हणून मी डोकावलं. तो गाडीजवळ उकिडवा बसलेला. चेन जोडलेली होती. मागच्या चक्रीवर, वरच्या बाजूला. बंद तोंड पुढे. मी म्हटलं, मिळालं का रे लॉक शेवटी? तो म्हणाला, हो, रात्री बसवलं. तेव्हा मला त्यात काय विशेष वाटणार? त्याने मनाची समजूत घातली असणार की आपणच ग्लानीत बसवलं आणि विसरलो. त्याने चाक फिरवलं. एक फेरा, दोन, दहा. टिक नाही.

दुपारी तो वहिनींकडे गेला, सांगायचं असं ठरवून. वहिनींनी चहा दिला, ठकीने ऑफिसचे नवे बूट दाखवले. वहिनी म्हणाल्या, तुम्ही केलंय म्हणून सोडतेय तिला. त्याने उकळता चहा चार घोटांत संपवला, उद्या गाडी न्यायला ये म्हणाला, आणि उठला. अंधाराला सांगितलं होतं ना, झालं की, असं त्याला वाटलं असेल. मला नाही सांगता येणार. मी त्याच्या जागी नव्हतो.

सोमवार. सकाळचे पावणेसात. ठकी आली, बरोबर वहिनी आल्या. पहिल्यांदा त्या गाडीकडे सरळ बघत होत्या. मीही रस्त्यावर आलो, एवढी वर्षं ती गाडी ऐकली होती, म्हटलं निरोप देऊ. बारक्याने गाडी पुसून बाहेर काढली होती. दोन किकमध्ये चालू झाली. तोच आवाज. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

ठकी वडिलांची लेक. तिने गाडी बंद केली, स्टँडवर घेतली आणि मागचं चाक हाताने एक फेरा फिरवून बघितलं. मग सीटच्या बाजूचा हत्यारांचा डबा उघडला, पाने आहेत का ते बघायला. आत हात घातला आणि म्हणाली, "काका, ही पुडी तुम्ही ठेवलीत का?"

वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी. वरून क्लच-वायरीची तार.

बारक्याने आदल्याच दिवशी तो डबा रिकामा करून, रॉकेलने पुसून पाने लावले होते. मी पाहिलं होतं.

ठकी पीळ सोडायला लागली. सुटेना. आणखी घट्ट व्हायला लागला. वहिनींनी तिच्या हातातून पुडी घेतली. त्यांनी पिळाकडे बघितलं. नुसतं बघितलं. मग उलट्या बाजूने फिरवला आणि तो सुटला.

आत एक पत्ती होती. गंजलेली. शेपटीचं एक टोक वाकलेलं, फटीत वाळका चिखल.

वहिनींना त्यातलं काही कळलं नव्हतं, त्या फक्त कागदाकडे बघत होत्या. ठकी काकाकडे बघत होती. आणि बारक्या त्या पत्तीकडे. जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात. गाडी आता ठकीची होती, त्याची नव्हती, आणि अंधाराची तर नव्हतीच.

मग त्याने सांगितलं. तिथेच, रस्त्यावर, उभ्या उभ्या. डिसेंबरातला शुक्रवार, खालचा पदर, उलटी पत्ती, न फिरवलेलं चाक. सगळं. आवाज चढला नाही, हुंदका नाही, एखाद्या गिऱ्हाइकाला गाडीत काय बिघाड होता ते सांगावं तसं. शेवटचा शब्द बोलून झाला आणि त्याने एकदम डावा हात उजव्या हाताने घट्ट धरला. तोंड वाकडं झालं. बोटावरचा फोड. शनिवारी रात्री भाजलेलं बोट सोमवारी सकाळी ठणकायला लागलं. आणि तो मोठ्याने रडायला लागला, बेचाळीस वर्षांचा माणूस. मला कळेना कुठे बघू.

वहिनींनी पुडी मुठीत आवळली. ठकीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता, दोन्ही. मला वाटलं आता पुडी त्याच्या तोंडावर मारतील.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, आधी बोट पाण्यात धरा."

एवढंच. त्यानंतर दोन महिने त्या त्याच्याशी दुसरं काही बोलल्या नाहीत, ठकी तर पावसाळ्यापर्यंत बोलली नाही. ते काही उगीच गोड करून सांगत नाही मी. पण गाडी ती त्या दिवशीही घेऊन गेली आणि रोज नेते. सर्व्हिसिंग काकाकडेच करते. चाक स्वतः फिरवते. ते लॉक आजतागायत हललेलं नाही.

आणि ती पुडी वहिनींनी पुन्हा बांधायला घेतली, तिथेच. कागद गुंडाळला, तार फिरवली, पण पीळ काही जमेना, त्या उजव्या हाताच्या. सैलच राहिला. बारक्याने ती तशीच नेऊन गॅरेजमध्ये दादाच्या पान्यांच्या फळीवर खिळ्याला अडकवली. रात्री शटर बंद करताना मी बघितली होती, तार सैल होती, कागदाचं टोक बाहेर आलेलं.

सकाळी घट्ट होती. पीळ डावा.

कोणाला बघायची असेल तर उद्या या, अजून तिथेच आहे. सोडायला मात्र जाऊ नका.